रविवारचा बंगला

एकोणीसशे चौसष्टच्या मार्च महिन्यात, इनामगावाखाली घोडनदीच्या वाळूत अमीरबीने लावलेल्या दोनशे चाळीस कलिंगडवेलींवर रोज सकाळी फुले उमलत होती आणि दोन दिवसांत गळून पडत होती. महिन्याभरात फळे धरली चार. चारही वाकडी.

रिसबूडला हे कळले पुण्यात, बुधवारी दुपारी, तो पाणी तपासत असे त्या प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात. अमीरबीचा चोविशीतला मुलगा अयुब तेथे टोपी हातात घेऊन उभा होता. गेली दोन वर्षे या सुमारास शिरूरच्या एस.टी.च्या टपावरून एक टोपली येत असे. तिच्यात ओल्या वाळूत बसवलेली दोन कलिंगडे असत. टोपली घेऊन कोणी माणूस आलेला नव्हता. या वर्षी माणूस आला होता आणि टोपली नव्हती. ही अदलाबदल रिसबूडला उगाचच खटकली. एखाद्या समीकरणाच्या दोन्ही बाजू जुळाव्यात आणि तरीही उत्तर चुकलेले असावे, तशी.

"अम्मानं सांगितलंय, औंदा टोपलीची वाट बघू नका," अयुब म्हणाला.

"का? लागण केली नाहीत?"

"केली की. फुलं बी हायती रग्गड. देवळात वाहिली तर देव झाकून जाईल येवढी. फळ न्हाई."

"पाणी कमी पडलं असेल."

"पाणी हाय, लेंडीखत हाय, बी घरचं हाय. समदं हाय सायेब, फळ तेवढं न्हाई." त्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "तुमची एक चिठ्ठी पायजे व्हती. दौंडला इंजनाच्या शेडात माणसं घेत्यात म्हणं. तिथल्या पाण्याच्या बाटल्या तपासाया तुमच्याकडंच येत्यात न्हवं?"

"येतात. आणि कलिंगडांची वाडी?"

"अम्मा म्हणती, आनिक दोन आइतवार बघायचं. न्हाई धरलं तर वाळू सोडायची. मामू हाय दौंडला, त्याच्याकडं जायाचं दोघांनी."

वाळू सोडायची म्हणजे काय, हे रिसबूडला ठाऊक होते. नदी ओसरली की गाव वाळूचे पट्टे आखून देत असे, आणि ज्याने एक हंगाम पट्टा सोडला त्याला पुढे तो मागण्याचा हक्क राहत नसे. अमीरबीचा पट्टा तिच्या सासऱ्यापासूनचा होता. फकीर नावाचा तिचा नवरा त्याच पट्ट्यावर उन्हाने पडून गेला होता. रिसबूड म्हणाला, रविवारी येतो, मग चिठ्ठीचे पाहू. अयुबने मान हलवली, उभ्यानेच पाणी प्यायला आणि गेला. रिसबूड परत येऊन ब्यूरेटपाशी उभा राहिला. रंग बदलायला एक थेंब हवा असताना त्याने तीन सोडले. सतरा वर्षांत असे झाले नव्हते. काचेच्या चंबूतले गडद गुलाबी पाणी त्याने बराच वेळ उजेडात धरले, आणि त्या गुलाबी रंगापलीकडे नदीची वाळू दिसू लागली.

वाळू त्याला नेहमी अशीच दिसे, कशाच्या तरी पलीकडे. नदीच्या दरडीवर बंगला बांधून तीन वर्षे झाली होती. त्याने हिशेब केला तर तो त्यात जेमतेम शंभर दिवस राहिला होता. उरलेले हजार दिवस बंगला त्याच्याशिवाय राहिला होता, आणि या हजार दिवसांविषयी त्याला काहीही माहिती नव्हती. सर्व्हेचा एक मित्र न्हावऱ्याकडे मोजणीला गेला असताना रिसबूड सहज त्याच्याबरोबर गेला, घोडनदीच्या दरडीवर एक प्रचंड वड पाहिला, आणि त्या वडाखाली बसल्यावर आपल्या डोक्यातली यंत्रे बंद पडली असे त्याला वाटले. जमीन मल्हारीच्या भावाची होती. त्या दोघांच्या बापाच्या वेळी तिथे मेंढरे बसत. मेंढरे गेली, शेती आली, आणि मग रिसबूड आला. मल्हारी त्याच जमिनीचा राखणदार झाला. त्याच्या बायकोने, कुमुदने, बंगल्याला 'निवांत' हे नाव दिले आणि संगमरवरावर कोरून घेतले. गावात ते नाव कोणी घेतले नाही. गाव त्याला रविवारचा बंगला म्हणे. आणि सात दिवसांतल्या एका दिवसावरून वस्तूला नाव पडते, ते बाजाराच्या गावासारखे, यात रिसबूडला तेव्हा गंमत वाटली होती. कुंपण घातल्यावर नदीवर जाणारी पायवाट वळसा घेऊन गेली. बायका घागरी घेऊन लांबून जाऊ लागल्या. त्या लांबून जात असल्यामुळे व्हरांड्यातून फार सुंदर दिसत. प्रयोगशाळेतल्या आणखी तिघांनी दरडीवर जागा पाहून ठेवल्या होत्या. शनिवारी संध्याकाळी यायचे, रविवारी उशिरा उठायचे, चहा घेत नदी पाहायची, जेवायचे, झोपायचे, उन्हे उतरली की निघायचे. या दिवसाला कडा नव्हत्या. पुण्यात सोमवारी त्याची आठवण काढायला गेले, तर हातात फक्त एक पिवळसर उजेड येई.

शनिवारी न्हावऱ्याच्या थांब्यावर मल्हारी बैलगाडी घेऊन उभा होता. साठीचा, काटक, बोलण्यात फार काटकसरी. गाडी दोन कोस चालली तरी तो बैलांशीच बोलत होता.

"अमीरबीच्या वाडीचं काय झालं, मल्हारी?"

"धरंना."

"बाकीच्यांचं?"

"कुणाचंच धरंना. पर बाकीच्यांस्नी शेतं हायती. तिला वाळूच हाय."

"लोक काय म्हणतात?"

"लोक काय, लोकांस्नी तोंड हाय." मल्हारीने एका बैलाची शेपटी पिरगाळली. "कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं नदी कोपली. भामाबाई म्हणती, वरल्या अंगाला बंगलं व्हाया लागलं, पायवाट वळली, नदीला आवडलं न्हाई."

"आणि तू काय म्हणतोस?"

"म्या राखणदार. मला काय म्हणायचा पगार हाय व्हय?" असे म्हणून तो प्रथमच हसला.

रिसबूड त्या रविवारी पहाटे उठला. बंगला घेतल्यापासून तो पहिल्यांदाच उजाडताना वाळूत उतरत होता. कलिंगडाचे फूल उगवतीला उमलते आणि दुपारच्या आत मिटते, हे त्याने पुस्तकात वाचलेले होते आणि पाहिलेले मात्र नव्हते, कारण तो उठून चहा घेऊन खाली यायचा तोवर फुलांचा दिवस संपलेला असे. वाळू गार होती. तिच्यात खणलेल्या डवऱ्यांतून पाणी झिरपत होते, आणि प्रत्येक डवऱ्यात आभाळाचा एकेक तुकडा पडला होता. अमीरबी डब्याने वेलींना पाणी घालत होती. तिने पदर सावरला, सलाम केला आणि म्हणाली, "आज लई येरवाळी? झोप न्हाई आली व्हय सायेब?"

"फुलं बघायला आलो."

"बघा. बघाया काय, फुलांचंच पीक हाय औंदा." ती पुन्हा वाकली. "औंदा म्या दोनदा बी घातलं. पयलं उपटून टाकलं, म्हटलं बी खवाट असंल. शेजारच्या सखूबाईच्या वाडीतलं आणलं. तिचं बी त्येच. मग पिराला नारळ फोडला. पीर बी म्हणत आसंल, बाई, फळाचं खातं माझ्याकडं न्हाई."

"गेल्या वर्षी कसं होतं?"

तिने डबा टेकला आणि विचार केला. "गेल्या साली निम्मं. पयली फुलं धरली, चांगली धरली, तुम्हास्नी धाडली न्हाई का? होळीच्या म्होरली समदी झडली. आमाला वाटलं, उन्हानं."

त्याने हे डोक्यात टिपून ठेवले. होळीपूर्वीची धरली, नंतरची झडली. मग तो वाळूवर बसला. खिशातून भिंग काढले. वेलींवर दोन प्रकारची फुले होती: काही नुसत्या देठावर, काहींच्या बुडाशी करंगळीच्या पेराएवढे, लव असलेले इवलेसे कलिंगड. पहिली नर, दुसरी मादी. नरफुलाच्या मध्यावर पराग पिवळाधमक, ओलसर, जसाच्या तसा होता. कोणी त्याला शिवलेले नव्हते. मादीफुलाची कुक्षी स्वच्छ होती. भिंगाखाली तिच्यावर एक कणही नव्हता. त्याने घड्याळ मांडीवर ठेवले आणि डोळ्यांसमोरच्या पन्नास फुलांवर कोण येते ते मोजायला सुरुवात केली. सात ते आठ: दोन मुंग्या. आठ ते नऊ: एक लहानशी माशी, ती एका फुलाच्या काठावर बसली आणि उडून गेली. ऊन चढले. वाळू तापू लागली. नदीच्या पात्रात इतके निःशब्द होते की त्याला स्वतःच्या घड्याळाचा आवाज आधी टिटवीचा वाटला. आणि त्या निःशब्दात त्याला काहीतरी विचित्र वाटू लागले. कोणी खोलीतून उठून गेल्यावर खुर्चीची जागा जशी जाणवते, तसे. ही शांतता पहिल्या वर्षीची नव्हती. पहिल्या वर्षी, वडाखाली बसला असताना, शांततेच्या तळाशी एक सूर होता. दुपारच्या झोपेत तो सूर उशीतून येई, भिंतीतून येई, आणि जागे होता होता त्याला वाटे की बॉयलरघराशेजारी आपण झोपलो आहोत, मोठ्या, दयाळू, कोणाचेही नुकसान न करणाऱ्या एका यंत्राशेजारी. तो सूर केव्हा थांबला ते त्याला आठवेना. थांबल्याचे कळलेच नव्हते. बंगला आणखी निवांत झाला आहे, एवढेच कुमुद म्हणाली होती.

साडेनऊला तो उठला. कुमुदच्या शिवणाच्या डब्यातून त्याने येताना दोरा आणला होता. पंधरा मादीफुले निवडली. नरफूल खुडून, पाकळ्या मागे दुमडून, त्यातला पराग हलक्या हाताने त्यांच्या कुक्षीवर टेकवला आणि प्रत्येकीच्या देठाला तांबडा दोरा बांधला. दुसऱ्या पंधरांना काही केले नाही. त्यांना पांढरा दोरा बांधला.

"ह्ये काय वं?" अमीरबीने विचारले. "फुलांचं लगीन लावताय?"

"तसंच."

"आन् पांढऱ्या दोऱ्याच्या?"

"त्या तशाच राहू द्या. हात लावू नका."

"बिचाऱ्या," अमीरबी म्हणाली. "वऱ्हाडात आल्या आन् तशाच राहिल्या."

परत जाताना, गाडीत, रिसबूडने मल्हारीला विचारले, "वडावर मोहोळं असायची ना रे?"

"असायची," मल्हारी म्हणाला, आणि न्हावऱ्यापर्यंत बैलांशीच बोलत राहिला.

तो आठवडा पुण्यात धुक्यासारखा गेला. बाटल्या येत होत्या, बाटल्या जात होत्या. दौंडच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचताना त्याला अयुबचे हात दिसत. कोळशाने काळे झालेले, अजून न झालेले. मंगळवारी दुपारी, मोठ्या निर्वात पंपाचा आवाज चालू असताना, त्याला गेल्या वर्षीचा रविवार संपूर्ण आठवला, इतका संपूर्ण की तो इतके दिवस कोठे होता हेच कोडे वाटावे. होळीच्या आधीचा रविवार. कुमुदची बहीण आणि तिचे यजमान आले होते. यजमानांना मानेवर तीन डंख झाले. ते ओरडत व्हरांड्यात धावले, त्यांच्या मानेला चुना लावला, जेवण थंड झाले, सगळा दिवस नासला. वडाच्या वरच्या फांद्यांखाली अकरा मोहोळे लोंबत होती, काळसर, मोठी, सुपाएवढी, आणि त्यांच्यावरून मधूनमधून एक चमकदार लाट सरकत जाई. रिसबूडने मल्हारीला बोलावले आणि ती काढून टाकायला सांगितले. मल्हारी म्हणाला, आता नको.

"का नको?"

"वाड्या उतरूस्तवर मोहोळाला हात लावत न्हाईत."

"पण का?"

"न्हाई लावत."

"काहीतरी कारण असेल ना? कारण सांग, मी ऐकतो."

मल्हारीने बराच वेळ वडाकडे पाहिले. तो कारण शोधत होता, प्रामाणिकपणे शोधत होता. हे रिसबूडला तेव्हाही दिसले होते, आणि त्या शोधाकडे पाहून आपल्याला किंचित सुख झाले होते हे आता, पंपाच्या आवाजात, त्याला आठवले. "आमचा बा बी न्हाई लावायचा," शेवटी मल्हारी म्हणाला. "मेंढरं बसायची तवा बी, धूर सुदीक करत नव्हतो खाली." एवढेच. बापाने न करणे हे कारण नव्हे, असे रिसबूडने त्याला समजावून सांगितले होते. सौम्यपणे, उदाहरणे देऊन. ज्या नियमाचे कारण नियम पाळणाऱ्याला सांगता येत नाही तो नियम नसून सवय असते, असे तो म्हणाला होता. पाहुणे हसले होते. मग संध्याकाळी सगळे पुण्याला परतले. मोहोळे कशी जाळली, पलिते किती लागले, माश्या किती वेळ पडत होत्या, यातले त्याने काही पाहिले नाही. पुढच्या शनिवारी वड मोकळा होता आणि खालची जमीन झाडलेली होती. तो निष्कर्ष, सवयीचा, त्याने आजवर तपासलेला नव्हता. कारण सांगता न येणे आणि कारण नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तो गेली सतरा वर्षे नव्या मदतनिसांना पहिल्याच दिवशी शिकवत आला होता.

पुढच्या रविवारी तो वाळूत उतरला तेव्हा अमीरबीच्या वाडीत माणसे होती. सखूबाई होती, भामाबाई होती, आणखी दोघी. अयुब कमरेवर हात ठेवून उभा होता. मल्हारी थोडा बाजूला, दरडीच्या सावलीत. रिसबूडने वाकून दोरे मोजले. तांबड्या दोऱ्याच्या पंधरांपैकी तेरा फळे धरली होती. लिंबाहून मोठी, टणक, गोल, हिरव्या रेघा उमटू लागलेली. पांढऱ्या दोऱ्यांच्या पंधरांपैकी एकही नव्हते. पंधरा पांढरे दोरे वाळलेल्या देठांना किंवा नुसत्या वाळूला चिकटून होते. याहून स्वच्छ निकाल त्याला आयुष्यात मिळाला नव्हता.

अमीरबीने त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला लावला. तिचे तळवे वाळूसारखे खरबरीत होते. "गुण हाय सायेब तुमच्या हाताला. म्या कवाची म्हणत व्हते, शिकल्याला माणूस हाय, नुसता बसाया येत नसंल."

"आमच्या बी वाडीला हात लावा सायेब," सखूबाई म्हणाली. "तांबडा दोरा म्या आणते."

"पांढरा नगं बया, त्यो अपेशी हाय," भामाबाई म्हणाली. "म्याच नदी कोपली म्हणत व्हते. सायबाचा बंगला हाय म्हणून नदी निवली म्हणायची."

कोणी हसले नाही. सगळ्या त्याच्याकडे आनंदाने पाहत होत्या. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांचे चेहरे, वेली, फुले, सगळे एका पिवळ्या पाण्याखाली असल्यासारखे हलत होते, आणि रिसबूडला वाटले की काही न बोलता या पाण्यात असेच उभे राहता येईल. दर रविवारी खाली यायचे, फुलांना हात लावायचा, टोपल्या घ्यायच्या. कोणाचे काही बिघडणार नव्हते. मल्हारी बोलणार नव्हता. मल्हारी कधीच काही बोलला नसता. दरडीच्या सावलीतून तो फक्त पाहत होता, एखाद्या माणसाला नदीचा उतार सापडतो की नाही हे काठावरून पाहावे तसा.

"चिठ्ठी आणलीय का?" अयुबने हळूच विचारले.

"आणलीय. खिशात आहे."

"देऊ नका," अमीरबी म्हणाली. "आता कशाला दौंड? सायेब दर आइतवारी येत्याल, हात लावत्याल, बास झालं. पट्टा सोडायचा न्हाई."

रिसबूडने हात सोडवून घेतला. "अमीरबी, आठवड्यातून एका दिवसाने होणार नाही. फूल एकच सकाळ टिकतं. आणि माझाच हात लागतो असं नाही, कोणाचाही चालतो. अयुब, इकडे ये."

त्याने अयुबच्या हातात नरफूल दिले, पाकळ्या मागे दुमडायला लावल्या, मादीफूल ओळखायला शिकवले. अयुबचे बोट पहिल्या वेळी जड पडले, फूल मोडले. दुसऱ्या वेळी जमले. मग सखूबाईने केले. मग अमीरबीने, ओठ घट्ट मिटून, सुईत दोरा ओवावा तसे. रिसबूडने सांगितले की पराग कुक्षीवर नीट दिसला पाहिजे, आणि उन्हे चढायच्या आत झाले पाहिजे, रोज.

"येवढं समदं रोज?" अयुबने वेलींवरून नजर फिरवली. "दोघांनी केलं तर निम्म्या वाडीचं हुईल. कलिंगडं उतरूस्तवर थांबतो म्या, अम्मा. म्होरल्या सालाचं म्होरल्या साली." त्याने हात पुढे केला. "चिठ्ठी द्या सायेब. ठिवतो जवळ."

रिसबूडने चिठ्ठी दिली. अयुबने ती न वाचता टोपीत ठेवली आणि टोपी घातली.

अमीरबी मात्र उठली नव्हती. पुढ्यातल्या फुलाकडे ती पाहत राहिली होती, बोटाला लागलेली पिवळी पूड अंगठ्याने चोळत. "सायेब," ती म्हणाली, "सासऱ्यापासनं आमी हितं हाओत. आमी तर कवा असं केलं न्हाई. मग दर सालाला ह्ये कोण करत व्हतं?"

"माश्या. आग्या मोहोळाच्या. एका फुलावरून दुसऱ्यावर जाताना हीच पूड त्यांच्या अंगाला लागून जाते."

"वडावरल्या?"

"वडावरल्या."

"आन् त्या कुठं गेल्या?"

दरडीच्या सावलीत मल्हारीने पागोटे काढून मांडीवर ठेवले. रिसबूडने चष्मा पुसला आणि पुन्हा लावला. मग प्रयोगाचा निकाल सांगताना तो जसा बोलत असे, तसाच, एकेक वाक्य सुटे ठेवून तो बोलला.

"वडावर अकरा मोहोळं होती. गेल्या वर्षी होळीच्या आधीच्या रविवारी मी ती जाळायला लावली. पाहुण्यांना माश्या चावल्या होत्या. मल्हारी नको म्हणाला होता, मी ऐकलं नाही. त्या माश्या मेल्या. त्या मेल्या म्हणून तुमच्या वेलींना फळ धरत नाही. दुसरं काही कारण नाही."